चेंबरमध्ये जाण्याआधी

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेली बातमी वाचली. अमेरिकन संशोधक जोसेफ दितुरी २०२३ मध्ये फ्लोरिडात पाण्याखालच्या खोलीत १०० दिवस राहिला आणि तब्येत सुधारून आला, मग तुझ्या पाणबुड्याच्या कामातही भिण्यासारखं काही नसणार, असं तुम्ही लिहिलंत. पण त्याची खोली पाण्याखाली जेमतेम ७ मीटरवर होती, आणि एका माणसाच्या रिपोर्टवरून काही सिद्ध होत नाही. आमचं मुंबई हायचं, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावरचं काम सत्तर मीटर खोलीच्या आसपास चालतं. तिथं शरीराला काय सोसावं लागतं ते सविस्तर सांगतो, कारण त्यातली एक गोष्ट तुम्हा दोघांना माहीत असायलाच हवी.

आई, मी दिवसरात्र पाण्यात नसतो. जहाजावर लोखंडी चेंबर असतो, त्यात आम्ही राहतो. आतला दाब समुद्रतळाइतका, म्हणजे नेहमीच्या हवेच्या आठपट ठेवतात. कामाच्या वेळी तेवढाच दाब असलेल्या बेलमधून, म्हणजे दोरानं खाली सोडतात त्या बंद कुपीतून खाली उतरायचं, काही तास काम करायचं आणि परत चेंबरमध्ये. इतक्या दाबाखाली साध्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो, म्हणून हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण देतात. हेलियम अंगातली ऊब फार लवकर ओढून घेतो. त्यामुळं चेंबर तीस अंशांच्या आसपास तापवून ठेवतात आणि पाण्यात असताना सूटमधून गरम पाणी खेळवतात. आवाजही चिरका होतो. फोनवर तसा ऐकलास तर घाबरू नकोस.

जेवण बेचव लागतं हे खरं. तू दिलेली कांदा-लसूण चटणी नेतोय, फक्त बरणीचं झाकण सैल करूनच आत पाठवावी लागते, नाहीतर दाबानं बरणीच चेपते. आतल्या दमट उबेत कान लवकर पिकतात, म्हणून रोज कानात थेंब घालावे लागतात. बाहेर आल्यावर काही आठवडे थकवा राहतो, हिमोग्लोबिनही थोडं उतरतं, ते भरून येतं. हाडांचं मात्र जपावं लागतं. वर्षानुवर्षं हे काम केलेल्या काहींच्या खुब्याच्या आणि खांद्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरतं, आणि दुखायला लागेपर्यंत कळतही नाही. मी त्याची तपासणी चुकवत नाही, आणि हे काम म्हातारपणापर्यंत करायचं नाही हेही ठरवलंय.

आता ती गोष्ट. पाण्यात साखर एका हद्दीपर्यंतच विरघळते ना, तसं दाबाखाली रक्तात, स्नायूंत, चरबीत हेलियम भरत जातो आणि साधारण दिवसभरात अंग त्यानं पुरतं भरतं. त्यानंतर दोन दिवस राहा की वीस, बाहेर यायला वेळ तेवढाच लागतो. म्हणूनच आम्हाला आठवडेच्या आठवडे आत ठेवतात, रोज वरखाली करणं परवडणारं नाही. सत्तर मीटरवरून परतायचं तर दाब हळूहळू उतरवत तीन-साडेतीन दिवस जातात. घाई केली तर विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात, सांध्यांत, मज्जारज्जूत, मेंदूत अडकतात आणि माणूस लुळा पडतो, जीवही जातो.

म्हणजे भिंतीपलीकडे डेकवर माणसं चहा पीत उभी असतात, पण कोल्हापुरात तुमच्यापैकी कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर मला त्या भिंतीबाहेर यायलाच तीन दिवस लागतील. बाहेर आल्यावरही लगेच विमानात बसू देत नाहीत. पंचगंगेत पाठीला डबा बांधून तुम्ही मला पोहायला शिकवलंत बाबा, पाण्याची भीती मला कधीच वाटली नाही. आत बसल्यावर भीती वाटते ती एवढीच.

म्हणून हट्ट करतोय. बाबा, जिना चढताना छातीत भरून येतं ते पित्त म्हणून सोडून देऊ नका. मी आत जायच्या आधी हृदयाची तपासणी करून घ्या. आई, बीपीची गोळी संपायची वाट बघू नकोस, महिन्याभराच्या आणून ठेव. माझ्या जहाजाचा नंबर ताईकडे दिलाय. रात्रीबेरात्री काही झालं तर मला काळजी नको म्हणून लपवू नका, तिला लगेच फोन करा, ती दीड तासात येईल.

रिपोर्ट आला की ताईला फोटो पाठवायला सांगा. तो वाचल्याशिवाय मी चेंबरमध्ये जाणार नाही.

तुमचा,
विक्रम