बंड्यास, ताईच्या ट्रंकेतल्या कॅसेटबद्दल

मिरज, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

ताईच्या वर्षश्राद्धाला आलास, दिवसभर राबलास, आणि मी तुझ्याशी धड दोन वाक्यं बोललो नाही. नंतरचे तुझे फोनही घेतले नाहीत. राग धरू नकोस. मी बरा आहे, बाबांची शुगर आटोक्यात आहे.

काल माळा काढला. ताईच्या ट्रंकेत तुझी ती कॅसेट सापडली. गायिका जेनेट बेकर, पर्सेलचा इंग्रजी ऑपेरा 'डायडो अँड इनीयस', १९६१चं ध्वनिमुद्रण. आपलं भांडण आठवतंय? मी म्हणालो, ही बाई गातेय की रडतेय, आणि तू भरल्या ताटावरून उठलास. ताई ओरडली, "बस खाली! भरीत मी केलंय, पर्सेलनं नाही." तू हसत बसलास आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्यास.

टेप चालेना, म्हणून तेच ध्वनिमुद्रण मोबाइलवर शोधलं. मरणाच्या दारातली डायडो सखी बेलिंडाला 'हात दे' म्हणते, त्यानंतरचं तिचं शेवटचं गाणं लागलं आणि आधी कानात गेला तो खालचा खर्ज. अरे, तो लेहरा आहे! सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. एकेक पायरी उतरत जातो, पाच बारचा फेरा पुरा करतो आणि पुन्हा पहिल्यापासून. तू तबल्यावर असताना मी पेटीवर तासन् तास असाच लेहरा धरून बसायचो. तेव्हा एवढं एक सांगितलं असतंस तर भांडलो असतो का मी? गंमत अशी, की गाणं त्या लेहऱ्याबरोबर समेवर येऊन बसत नाही. खाली फेरा संपतो तेव्हा वर तिचं वाक्य अर्ध्यात असतं.

आणि ते 'रिमेंबर मी'. पहिल्यांदा येतं ते अख्खं पंचमावर. चार अक्षरं, एक सूर, हरकत नाही की मुरकी नाही. पुढे तेच शब्द तार षड्जावर जातात. तिथे ती आवाज मोकळा सोडेल असं मला वाटलं होतं. नाही सोडत, आतच धरून ठेवते. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती बेकर. ती दहा वर्षांची असताना तिचा थोरला भाऊ हृदयविकारानं गेला होता, हे रात्री वाचलं, आणि मग गाणं पुन्हा लावायला हात धजेना.

कारण त्यापुढचे शब्द. माझी आठवण ठेव, पण माझी गत विसरून जा. बंड्या, माझं नेमकं उलटं झालंय. मला ताईची गत तेवढी आठवते. डोळे मिटले की वॉर्डातली ती खिडकीजवळची खाट, सुयांनी काळानिळा पडलेला हात, रिपोर्टसाठी मी काउंटरवर घातलेले वाद. ती घोटभर पाणी मागत होती आणि मी बाहेर भांडत होतो. चाळीस वर्षांची माझी बहीण, आणि माझ्यापाशी शेवटचे तीन महिने उरलेत. तिचं हसू आठवायला बसतो तर हसू येत नाही, खाट येते. हिला सांगितलं, ती म्हणाली, दिवस जातील तसं होईल. वर्ष झालं की. बाबांना तर विचारायचीही सोय नाही.

फक्त ते भरताचं वाक्य काल कॅसेट हातात आल्यावर कानात आलं. तिच्याच आवाजात, तिच्याच ठसक्यात. वर्षभरात पहिल्यांदा.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिरंजीवांची यंदा दहावी ना? त्याला माझे आशीर्वाद.

आता माझं एक काम कर. ताईबद्दल तुला आठवेल ते लिहून पाठव, आजारपणाच्या आधीचं. गणपतीत तिची सायकल विहिरीत कुणी घातली, हे तुम्ही दोघांनी मला कधी सांगितलं नाहीत, तिथपासून सुरू कर. फोनवर नको, लिहूनच.

कॅसेटच्या कव्हरवर तिनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "बंड्याची. परत द्यायची." देईन, पण एवढ्यात नाही.

तुझाच,
दिन्या