मागे वळवता येईल अशी गाडी

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी मोठी मोटारसायकल विकून दोनशे सीसीची घेतली हे तुला अजून पटलेले नाही, आणि तिच्यावर एकट्यानेच डोंगरात जातो हे तर मुळीच नाही. ‘हौसेला मोल नसते हे मान्य, पण हिशेब तरी असावा,’ असे तू लिहिलेस. उत्तर त्याच दिवशी लिहिणार होतो. लिहिले नाही ते बरेच झाले, कारण गेल्या रविवारच्या रपेटीनंतर वाद घालायची गरज उरली नाही. नुसती हकीकत सांगतो, हिशेब तू मांड.

गाडी तू पाहिली आहेसच. यामाहाची टीडब्ल्यू २०० ही १९८७ साली बाजारात आली आणि तेव्हापासून तिचे मूळ रूप फारसे बदललेले नाही. १९६ सीसीचे, हवेवर थंड होणारे एकच सिलिंडर, हवा-पेट्रोल मिसळणारा साधा कार्ब्युरेटर, सात लिटरच्या आसपासची टाकी, आणि मागे अवघ्या १४ इंची चाकावर १८० मिलिमीटर रुंदीचा फुगीर टायर, ज्यामुळे ती पाहणाऱ्याला शेतीच्या अवजाराची धाकटी बहीण वाटते. पेट्रोल भरल्यावर तिचे वजन सुमारे १२६ किलो होते. हा आकडा लक्षात ठेव. तुझी गाडी याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

डांबरी रस्त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ताशी ऐंशीच्या पुढे इंजिन कुरकुरते, मागून येणारा प्रत्येक ट्रक आपल्याला हाकलतो, आणि तासाभरात बैठक दुखू लागते. तू जे जे हिणवतोस ते सगळे त्या पहिल्या तासापुरते खरे आहे.

डांबर संपले तिथे थांबून मी चाकांतली हवा उतरवली. सडकेवर पुढे १८ आणि मागे २२ पौंड ठेवतो, ती १३ आणि १५ वर आणली. टायर जमिनीवर जेवढा पसरतो तेवढी पकड वाढते आणि लहान दगड तो पोटात घेतो. मात्र आत ट्यूब असल्याने याहून खाली जाणे धोक्याचे, कारण धारदार दगडावर रिम आपटली की ट्यूब मध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. पंप, सुटी ट्यूब आणि टायर उचकटायच्या पट्ट्या बरोबर होत्याच. एकट्या माणसाचे गॅरेज म्हणजे त्याच्या पाठीवरची पिशवी.

पुढचे वीस किलोमीटर खडीचा रस्ता होता आणि त्यावर आडव्या लाटा उमटल्या होत्या. या लाटा कशा होतात याचा तू कधी विचार केला आहेस का? मला पूर्वी वाटे की गाड्यांच्या स्प्रिंगांमुळे होत असाव्यात. पण वाळूवर साधे, स्प्रिंग नसलेले चाक एका विशिष्ट वेगापुढे फिरवले तरी त्या उमटतात, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. म्हणजे सुटी जमीन आणि वेग एवढे दोनच गुन्हेगार पुरतात. उपाय स्वारापाशी आहे: फूटरेस्टवर उभे राहायचे, गुडघ्यांनी टाकी धरायची, हातांची पकड सैल ठेवायची आणि गाडीला आपल्याखाली नाचू द्यायचे. हँडल घट्ट आवळणारा माणूस अर्ध्या तासात दमतो. तो मी होतो, दोन वर्षांपूर्वी.

ओढा लागला तेव्हा गाडी काठावर ठेवून आधी पायी उतरलो. पाणी गुडघ्याच्या खालीच होते, तळाशी वाटोळे गोटे होते, आणि गाडीचे हवा ओढणारे तोंड सीटखाली बरेच वर आहे. तरीही मी मनात उजळणी केली की मध्येच गाडी पडली आणि पाण्यात बुडाली, तर बटण दाबायचे नाही. पाणी हवेसारखे दबत नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले असताना इंजिन फिरवले तर पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकू शकतो. पहिल्या गिअरमध्ये, नजर पलीकडच्या काठावर ठेवून पार झालो आणि ओले ब्रेक सुकेपर्यंत ते हलके दाबत राहिलो.

आता मुख्य गोष्ट. ओढ्यानंतर वाट डोंगराला भिडली आणि एका लांब चढावर पावसाच्या पाण्याने तिची दोन खोल चाकोऱ्यांत विभागणी केली होती. चाकोरीबाहेर जावे असे आपण भाषणांत किती सहज म्हणतो! प्रत्यक्षात गुडघाभर खोल चाकोरीतून पुढचे चाक बाहेर काढू पाहिले की ते भिंतीला घासते, हँडल वळते आणि माणूस आडवा होतो. एकदा आत उतरलो की नजर पुढे ठेवून तिच्यातूनच जायचे असते. मी गेलोही, पण दोनतृतीयांश चढ झाल्यावर सुट्या मुरमात मागचे चाक फिरू लागले आणि इंजिन बंद पडले.

अशा जागी दोन पाय टेकवले की उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहत नाही, आणि नुसता पुढचा ब्रेक दाबला तर पुढचे चाक अडते, पण वजन सगळे मागच्या चाकावर असल्यामुळे गाडी तशीच मागे घसरते. म्हणून इंजिन बंदच ठेवायचे, गाडी पहिल्या गिअरमध्येच असू द्यायची आणि क्लच सोडायचा. बंद इंजिन मागचे चाक धरून ठेवते, आणि क्लच हाच हातातला ब्रेक होतो. तो किंचित दाबून वीतभर मागे यायचे, सोडून थांबायचे. असे करत मी चाकोरीबाहेर जरा सपाट जागी आलो, वळायला गेलो, आणि खालच्या बाजूचा पाय जमिनीपर्यंत पोचलाच नाही. गाडी उजवीकडे पडली. मी तिच्याबरोबर गेलो, पण तिच्याखाली गेलो नाही.

शांतता काय असते ते तेव्हा कळले, कारण पेट्रोल ठिबकताना ऐकू येत होते. आधी पेट्रोलचा कॉक बंद केला. उतारावर पडलेली गाडी जागच्या जागी उचलू गेले तर पाठ तरी जाते किंवा गाडी पलीकडे कोलमडते. म्हणून तिला आडवीच ठेवून, फूटरेस्टच्या टोकावर गरकन फिरवून, पुढचे चाक उताराच्या दिशेला आणले. मग साइड स्टँड आधीच उघडला, गाडी गिअरमध्ये असल्याची खात्री केली, सीटला पाठ लावली, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागचा कॅरिअर धरून पायांच्या जोरावर मागे मागे सरकलो. दुसऱ्या प्रयत्नात ती उभी राहिली. ब्रेकचा लिव्हर वाकला होता, मोडला नव्हता, कारण त्याची पकड मी मुद्दाम जराशी ढिली ठेवतो, म्हणजे पडताना तो फिरतो.

मित्रा, हेच मी अडीचशे किलोच्या गाडीला करू शकलो असतो का? मोठी गाडी तो चढ कदाचित चढलीही असती. तिच्यात ताकद तिप्पट-चौपट आहे. पण मी एकटा असताना गाडी कुठवर जाईल हे विचारतच नाही. मी तिला कुठून परत फिरवू शकेन, हे विचारतो. लहान गाडी पुष्कळ जागांवरून परत फिरवता येते, आणि म्हणूनच मी तुझ्यापेक्षा अधिक अनोळखी वाटांना लागतो.

दहा मिनिटे बसलो, कार्ब्युरेटरमधले जादा पेट्रोल उडू दिले, थ्रॉटल पूर्ण उघडून सुरू केली, आणि परतलो. ७४ किलोमीटर झाले होते. माझ्या हिशेबाने टाकीत १९० किलोमीटरांचे पेट्रोल होते, आणि पहिल्या गिअरचे चढ तो हिशेब नेहमी खोटा पाडतात. घरी चिठ्ठीत सहाची वेळ लिहून गेलो होतो, पावणेसहाला पोचलो. तू ज्याला बेफिकिरी म्हणतोस तिच्यात ती चिठ्ठी टेबलावर ठेवून जाणेही येते, हे जाता जाता नमूद करतो.

नवा लिव्हर बसवला आहे. नकाशावर त्या चढापुढची रेघ मात्र अजून कोरीच आहे. ती वाट पलीकडच्या दरीतूनही वर येते असे दिसते, तेव्हा पुढच्या खेपेला मी त्या अंगाने जाणार आहे. तुझी गाडी डांबर संपते तिथे ठेवून मागच्या सीटवर बसायची तयारी असेल तर कळव, पण चढावर उतरून चालावे लागेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा मित्र