बंगळूरपर्यंत येऊन घरी का आलो नाही

लाइपझिग, जर्मनी,
श्रावण सोमवार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार. आज्जीला, दादा-वैनीला नमस्कार, पोरांना पापा.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, वजन उतरलेलं नाही. व्हिडिओवर चेहरा ओढलेला दिसतो तो खोलीतल्या दिव्यामुळं, आईनं त्यावरून काही मनात आणू नये.

परवा फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईकडं दिला. तेव्हापासून माझं मन लागत नाही. फोनवर सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

आत्याच्या मुलानं मोबाइलवर मी चालवतो ते आमचं मालवाहू विमान बंगळूरला उतरलेलं बघितलं, मला विचारलं, मी हो म्हणालो. त्यानं कोल्हापूरला आत्याला सांगितलं, आत्यानं तुम्हाला. आता गावभर झालंय की पोरगा बंगळूरपर्यंत आला आणि घराकडं फिरकला नाही. आलो होतो, खरं आहे. आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर आईनं डबा बांधून दादाला राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसवलं असतं आणि मी हॉटेलात झोपलेला असताना तो बिचारा खाली बसून राहिला असता.

आत्या म्हणाली, बंगळूर ते आपल्या बेळगावचं सांबरा विमानतळ, तासा-सव्वा तासाचं विमान, सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता आलं असतं. मीही तो हिशेब मांडला होता. लाइपझिगहून पहाटे निघालो, बंगळूरला उतरलो तेव्हा तिकडं संध्याकाळ होती. इमिग्रेशन, कस्टम, गाडी, हॉटेल होईपर्यंत रात्रीचे आठ. पण अंगाच्या घड्याळात तेव्हा दुपारचे साडेचारच वाजलेले, झोप कुठली येणार? मध्यरात्र उलटल्यावर डोळा लागला. पुढचं उड्डाण दुसऱ्या रात्री दोननंतर, हाँगकाँगला. सकाळी सहाला उठून सांबऱ्याचं विमान धरलं असतं, तर घरी दोन-तीन तास मिळाले असते, आईच्या हातचं जेवलो असतो, आज्जीजवळ बसलो असतो. मग परत बंगळूर, आणि रात्री दोनला विमानात. म्हणजे वीस तास जागा. हाँगकाँगला पाच तासांनी उतरायचं, म्हणजे पंचवीस तासांच्या जागरणानंतर चाकं जमिनीला टेकवायची.

बाबा, तुम्ही माळकरी. आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब कधी आला नाही. म्हणून ही गोष्ट तुम्हाला आधी कळेल. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जागरण आणि दारू यांची तुलना केली. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे चालतात आणि चोवीस तास जागा राहिला तर ०.१० टक्के असल्यासारखे. ०.०५ ही जर्मनीत गाडी चालवायची मर्यादा. आपल्याकडं तर ०.०३ लाच गुन्हा होतो. तुम्हाला भेटून मी विमानात बसलो असतो तो कुठल्या अवस्थेत, याचा तुम्हीच विचार करा. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाही घरी आई-वडील आहेत.

आणि हे माझ्या मनावर सोडलेलंही नाही. युरोपच्या नियमात वैमानिक आपल्या नेमून दिलेल्या तळापासून (माझा लाइपझिग) दूर असताना किमान दहा तास किंवा आधीची ड्युटी जितकी झाली तितके तास, यातलं जे जास्त असेल तेवढी विश्रांती द्यावी लागते, आणि त्यात आठ तास झोपायला मिळाले पाहिजेत. हे झालं कंपनीचं काम. पुढं असंही लिहिलंय की मिळालेली विश्रांती झोपेसाठी नीट वापरणं ही वैमानिकाची जबाबदारी आहे. म्हणजे बंगळूरचा तो दिवस दिसायला मोकळा होता, पण माझा नव्हता. आत्याला एवढं सांगा. हवं तर तिला हे पत्रच वाचून दाखवा, पैशांचं शेवटी लिहिलंय ते सोडून.

त्यातून श्रावणातला पाऊस. सांबऱ्याला ढग उतरले आणि परतीचं विमान रद्द झालं असतं तर बंगळूरला शंभर टन माल उभा राहिला असता.

दादानं विचारलं होतं की वर्षाला ९०० तासच उडायची मर्यादा आहे, म्हणजे दिवसाला अडीच तास, मग एवढी दमणूक कसली. दादा, ९०० तास हे फक्त विमानाचे. २८ दिवसांत १०० तास उड्डाण आणि १९० तास ड्युटी अशीही मर्यादा आहे, आणि परगावच्या हॉटेलात पडदे ओढून काढलेले दिवस यातल्या कशातच धरत नाहीत. रात्री निघायची ड्युटी दोघा वैमानिकांना अकरा तासांच्या वर नेता येत नाही, म्हणून लांबच्या फेरीला आम्ही तिघं किंवा चौघं असतो आणि आळीपाळीनं कॉकपिटच्या मागच्या बंकवर झोपतो. रशियाचं आकाश २०२२ च्या फेब्रुवारीपासून आम्हाला बंद आहे, त्यामुळं चीनकडं जाताना तुर्कस्तान, कॅस्पियन समुद्र असा दक्षिणेचा वळसा पडतो आणि तास वाढतात.

आई, तू विचारतेस, रात्रीच का उडवतात पोरांना? लोक दिवसा मागवतात, पार्सलं संध्याकाळी गोळा होतात, मध्यरात्रीपर्यंत चहूकडून विमानं इथं येतात, माल वेगळा होतो आणि पहाटे पुन्हा निघतो, म्हणजे सकाळी दुकान उघडताना खोकं दारात. औषधं, मोबाइलचे सुटे भाग, कपडे, कधी घोडेसुद्धा. घोड्यांबरोबर त्यांची माणसं येतात, काळजी करू नको, ते शांत असतात. जेवण वाढायला कोणी नसतं, ओव्हन असतो, आपलं आपण गरम करायचं. तुझी शेंगा चटणी मी प्रत्येक फेरीला नेतो. शेजारच्या जर्मन कॅप्टनलाही आता ती लागते, तिखट म्हणतो आणि मागून घेतो. पण कुंदा पाठवू नकोस. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि बेळगावचा कुंदा कचऱ्यात गेलेला मला बघवणार नाही.

झोपेची काळजी करू नका असं मी म्हणतो ते कशाच्या जिवावर, तेही सांगतो, कारण इथली एक रीत तुम्हाला सांगूनही खरी वाटणार नाही. रविवारी इथं आवाज करायचा नाही. देवळातल्यासारखं हळू बोलायचं असं नव्हे, कायदाच आहे. दुकानं बंद. भिंतीला ड्रिल लावायचं नाही. वस्तीत गवत कापायचं यंत्र रविवारी आणि सणाला अजिबात चालवायचं नाही, इतर दिवशीही रात्री आठ ते सकाळी सात बंद. रिकाम्या बाटल्या टाकायला रस्त्यावर मोठ्या पेट्या असतात, त्यात रविवारी बाटली टाकायची नाही, कारण काच फुटल्याचा आवाज होतो. रोज रात्री दहा ते सकाळी सहा इमारतीत शांतता. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं की हे सोसायटीच्या सेक्रेटरीचं खूळ असेल. पण १९१९ च्या त्यांच्या राज्यघटनेत कलम १३९ होतं, रविवार आणि सण हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून जपले जातील असं, आणि ते कलम आजच्या घटनेतही तसंच ठेवलंय. म्हणून मी शेंगदाणे रविवारी भाजून ठेवतो आणि मिक्सर सोमवारी लावतो. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई जिन्यात भेटल्या की विचारतात, झोप झाली का? त्यांना माझं रोस्टर माहीत आहे. मी रात्री उडून आलो की त्या दिवशी व्हॅक्यूम क्लीनर लावत नाहीत. दाराला दार लागून एवढी वर्षं राहिलेल्या सख्ख्या माणसांकडून होणार नाही असं त्या माझ्यासाठी करतात, त्यामुळं तिकडं कुणी विचारलं की परदेशात तुमच्या पोराचं कोण आहे, तर खुशाल सांगा.

एक मात्र मला टोचतं. एवढी शांतता जपणाऱ्या लोकांच्या डोक्यावरून पहाटे तीनला आम्हीच जातो. ब्रुसेल्समध्ये रात्रीची उड्डाणं वाढवू देईनात, म्हणून डीएचएल या पार्सल कंपनीनं आपलं मोठं केंद्र २००८ साली लाइपझिगला आणलं. काम आलं, नोकऱ्या आल्या, पण विमानतळाभोवतीच्या गावांची झोप गेली आणि ते अजून त्यासाठी भांडतायत. मला त्यांचं चुकतंय असं वाटत नाही. झोप कुणाची मोडायची आणि कुणाची राखायची, हे ठरवताना खोकं लवकर मिळणाऱ्याचा विचार आधी होतो, हे काही बरोबर नाही.

आईला एक गोष्ट मुद्दाम सांगा. अमेरिकेत २०१४ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम आले, त्यातून मालवाहू विमानांना वगळलं. युरोपात तसं नाही, माणसं न्या की माल न्या, नियम तेच. आणि मी थकलोय असं मी स्वतः सांगितलं तर मला विमानात बसवता येत नाही. पहाटे दोन ते सहा ही अंगाची सगळ्यात ढिली वेळ, तेव्हा आम्ही एकमेकांवर लक्ष ठेवून असतो. तेव्हा दादा, अपघाताची बातमी आली की आईला वाचून दाखवत जाऊ नकोस. सगळीच विमानं माझी नसतात.

रोस्टर सोबत जोडलंय. त्यातल्या वेळा ग्रिनिचच्या आहेत, त्यात साडेपाच तास मिळवले की तुमची वेळ. कालनिर्णयवर बाबांनी पेन्सिलीनं मांडावं, पेनानं नको, बदल होत असतात. शेजारच्या काकांना सांगा की आमचं विमान सांबऱ्याला येणार नाही. तिथली धावपट्टी २३०० मीटर, आम्ही पूर्ण भरून निघालो तर साडेतीनशे टनांच्या जवळपास वजन असतं आणि तीन किलोमीटरच्या आसपास धावायला लागतं.

गणपतीला येता येणार नाही. हे लिहायला तीन वेळा पेन थांबलं, पण लिहितोच. आरतीच्या वेळी फोन लावून ठेवा, मी उतरलेला असेन. एक नोव्हेंबरला बाबांनी सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या फेरीत जावं, जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण सायकल नको. गुडघा दुखतोय हे मला वैनीनं सांगितलंय.

आता छोटीच्या लग्नाचं. तुळशीचं लग्न झालं की लगेचचा मुहूर्त धरायचा असं मामांनी सुचवलंय. ऑक्टोबर ते डिसेंबर आमचा हंगाम, नाताळचा माल असतो, तेव्हा रजा ज्येष्ठांनाही मिळत नाही, मी तर खालच्या यादीत आहे. चिनी नवं वर्ष जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत येतं. त्यानंतर तिथले कारखाने काही दिवस बंद असतात, माल थंडावतो, तेव्हा रजा निघते. मुलाकडच्यांना माघातली तारीख चालेल का, एवढं विचारून बघा. भावासाठी थांबा असं नको, हॉलचं कारण सांगा. नाहीच जमलं तर तुमचा मुहूर्त धरा, छोटीला माझ्यापायी अडवू नका. मग मी कसा येतो ते माझं मी बघेन.

माझ्यासाठी खानापूरकडचं जे स्थळ आलंय, त्यांना आधीच स्वच्छ सांगा की मुलगा महिन्यातला बराच काळ बाहेर असतो आणि घरी असला तरी दिवसा झोपतो. पगार मग सांगा. हे ऐकूनही मुलगी हो म्हणाली तर मी बोलेन. आईनं यावर रडू नये.

कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या आठवड्यात गेला. बँकेकडून बेबाकी दाखला घेऊन शेताच्या उताऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या. अर्ज कानडीत भरायला लागेल, मामांना बरोबर न्या आणि नवा उतारा हातात आल्याशिवाय उठू नका. आज्जीचा मोतीबिंदू आता लांबवू नका, पैसे वेगळे पाठवलेत. लग्नासाठी किती बाजूला ठेवलेत ते दादाला कळवतो, आत्याला आकडा सांगू नका.

तुमचा,
धाकटा