पूररेषा मोबाईलवर दिसू दे की!

संपादक साहेब,
2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी बघूनही कोल्हापुरात कित्येकांना आपलं घर निळ्या पूररेषेत येतं का लाल, ते माहीत नाही, कारण पूररेषेचा नकाशा पीडीएफमध्ये, झूम केलं की गट नंबरच्या जागी नुसता फराटा. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100. पर्यावरण संस्थांनी निवेदनं द्यावीतच, पण हीच रेषा ओपनस्ट्रीटमॅप या ऑनलाइन नकाशावर (फुकट आहे!) थर म्हणून चढवून लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर सोडा, गल्लीवर बोट ठेवलं की रेषा कळेल, रेषेच्या आत मातीचा भराव दिसला की फोटो तिथंच पिन करता येईल, आणि फ्लॅट बुक करणारा आधी ते बघेल. फक्त फोटोवर तारीख पाहिजेच, नाहीतर बिल्डर म्हणणार जुना आहे.
– एक वाचक, कोल्हापूर