आधी न्हाणीघर, मग बाकीचं

ती. आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी तुमच्याकडे वीज गेली आणि घराच्या कामाचं फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. बाबा, तुम्ही "बघूया" म्हणालात, तेव्हाच मला कळलं की तुमचं मनात ठरलेलं आहे. फोनवर मी भरभर बोलते आणि तुम्ही गप्प होता, म्हणून लिहायला बसले.

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून गोव्यात आपल्या पेडण्यातल्या जुन्या घरांना गिऱ्हाईक आहे, हे त्या एजंटाचं म्हणणं खरं असेल. पण त्याच्या सांगण्यावरून ठेव मोडून सोप्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स, देवाच्या खोलीत फॉल्स सीलिंग आणि पुढेमागे कौलं काढून स्लॅब, हे मला पटत नाही. तुम्ही हे सगळं आम्हा भावंडांच्या हाती चार पैसे जास्त पडावेत म्हणून करताय, हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

आम्ही पुण्याचा पहिला फ्लॅट घेतला, तेव्हा मीही असाच विचार केला होता. ओटा माझ्या उंचीला फार वर होता. तो खाली करून घ्यावा असं पहिल्या महिन्यापासून वाटत होतं, पण "विकताना अडचण होईल" म्हणून राहू दिला. नऊ वर्षं खांदे वर उचलून पोळ्या लाटल्या. भिंतींना रंगही पुढच्या माणसाला चालेल असाच दिला. शेवटी फ्लॅट विकला, आणि घेणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात तो ओटा फोडला. त्यांना स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूला हवं होतं. ती नऊ वर्षं मी कुणासाठी जपली?

आणि आपल्या घराला येणारं गिऱ्हाईक तरी काय बघतं? मुंबई-दिल्लीची माणसं गोव्यात जुनं घर शोधतात, ती चिऱ्याच्या भिंती, कौलं, लाकडी खांब आणि राजांगणासाठी. त्यांना नकोच असलेली वस्तू तुम्ही पदरचे पैसे घालून बसवणार. सोप्यावरचा लाल कोबा आजोबांच्या वेळचा, पाय ठेवला की अजून गार लागतो. त्यावर गुळगुळीत टाइल्स आल्या की पावसाळ्यात ओल्या पायांनी कोण कसं चालणार? स्लॅबचं तर शेजारी पाहतोच आपण. चार पावसाळ्यांत गळायला लागतो, मग वर पत्र्याची शेड घालतात आणि खाली उन्हाळ्यात भट्टी. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, म्हणून तर मे महिन्यात मुलं दुपारची माजघरात झोपतात. शिवाय, बाबा, फॉल्स सीलिंग केलंत तर चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधलेली माटोळीची चौकट कुठे टांगणार?

तुमच्या यादीतली दोन कामं मात्र आधी करायलाच हवीत. वाळवी लागलेले वासे बदलायचे आणि पूर्ण वायरिंग नव्याने करायचं. राहणाऱ्याला त्यांची गरज आहेच, आणि उद्या विकायची वेळ आली तरी हा पैसा वाया जाणार नाही. बाहेरून मात्र प्लास्टिक पेंट नको. जुन्या चिऱ्याच्या भिंतीतली ओल आतच कोंडते आणि गिलावा फुगतो. चुनाच मारा.

आता आईचं. जूनमध्ये ती न्हाणीच्या पायरीवर घसरली, हे तुम्ही मला दोन आठवड्यांनी सांगितलंत. मी रागावले नाही, पण ते मनातून जातही नाही. निजायच्या खोलीला लागून न्हाणीघर हवं. पायरी नको, फरशी खरखरीत हवी, साधारण 18 इंच उंचीचा कमोड, बाजूला भिंतीत पक्का रोवलेला दांडा, आणि दार बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. पुढच्या पायऱ्यांच्या बाजूने उतारही करून घेऊ. 1 फूट चढाला 12 फूट लांबी लागते, म्हणजे आपल्या दीड फुटी जोत्याला 18 फूट. अंगणात तेवढी जागा आहे.

बाबा, "घर माझ्या वडिलांचं" असं तुम्ही म्हणता. पण 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे गोव्यात चालत आलेल्या रीतीने, वेगळा करार नसेल तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते. तुम्ही करार केला नव्हता. म्हणजे अर्धं घर आईचं आहे आणि तिच्या सहीशिवाय ते विकताही येत नाही. मग तिला काय हवं, हे कुणी विचारलं का? मी विचारलं. आई, तू म्हणालीस, "मला मेलं काय, दोन वर्षं काढायची." तुझ्या तोंडून ते ऐकवत नाही गं. दोन वर्षं काढायची असली, तरी ती भिंत धरधरून का काढायची?

कराची काळजी असेल तर एवढंच करा, न्हाणीघराचं प्रत्येक बिल फायलीत ठेवा. पुढे घर विकलं तर नव्या बांधकामाचा असा खर्च नफ्यातून वजा धरता येतो. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती त्यात धरत नाहीत.

आम्हा तिघांपैकी कुणी तिथे कायमचं राहायला येईल का, ते आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित घर एक दिवस विकलंही जाईल. माझं दादाशी आणि धाकट्याशी बोलणं झालंय. तिघांनाही जास्त भाव नको, तुम्ही दोघं त्या घरात सुखाने वावरताना हवी आहात.

चवथीच्या आठ दिवस आधी मी येते. तोवर मेस्ताला, म्हणजे आपल्या सुताराला, वासे दाखवून ठेवा. आणि बाबा, एक काम तुमच्याकडे. आईला चपला काढून सरळ उभी करा, कोपर दुमडायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. त्याच्या चार इंच खाली तिचा स्वयंपाकघरातला नवा ओटा. माप फोनवर कळवा.

तुमची,
बाय