मॅग्नेटिक कीबोर्ड घेताना बटण हळू दाबून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपल्या की कॉम्प्युटरच्या दुकानांत मुले वडिलांना घेऊन येतात आणि एकच शब्द सांगतात : मॅग्नेटिक. वडिलांना वाटते, कीबोर्ड म्हणजे पाचशे रुपयांची वस्तू, मग हा साडेतीन-चार हजारांचा कशाला? मुलाने व्हिडिओत पाहिलेले आकडे त्याच्या तोंडपाठ असतात, पण वस्तू हातात घेऊन कोणीच तपासत नाही. छत्रपती संभाजीनगर असो, नांदेड असो की लातूर, खोके बंद असतानाच पैसे दिले जातात. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. साध्या मेकॅनिकल स्विचमध्ये, म्हणजे बटणाखालच्या भागात, धातूच्या दोन पात्या एकमेकींना टेकल्या की अक्षर उमटते. बटण पूर्ण खाली जायला साधारण ४ मिमी लागतात आणि पात्या २ मिमीच्या आसपास टेकतात. धूळ बसली, पाती झिजली की एकदा दाबल्यावर दोन अक्षरे उमटू लागतात. मॅग्नेटिक स्विचमध्ये पात्याच नसतात. बटणाच्या दांडीत बारीकसा चुंबक असतो आणि खाली सर्किट बोर्डावर सेन्सर. एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर हा सेन्सर चालतो, म्हणून याला हॉल इफेक्ट कीबोर्डही म्हणतात. चुंबक जवळ येईल तसा सेन्सरचा व्होल्टेज बदलतो आणि बटण किती खाली गेले आहे हे कीबोर्डला सतत कळत राहते. त्यामुळे अक्षर कितव्या मिलिमीटरला उमटावे, हे आपण स्वतः ठरवू शकतो.

खेळणाऱ्याला याचा खरा फायदा रॅपिड ट्रिगरमध्ये आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या ऑनलाइन खेळांत धावता धावता गोळी मारली तर नेम सुटतो. आधी थांबावे लागते. मेकॅनिकल कीबोर्डवर बटण ठरलेल्या उंचीच्या वर येईपर्यंत ते दाबलेलेच धरले जाते. रॅपिड ट्रिगरमध्ये बोट जरासे वर उचलले, समजा ०.३ मिमी, की बटण सुटले असे धरले जाते, मग ते कितीही खोल असो. पुन्हा तेवढेच खाली नेले की पुन्हा दाबले गेले. ही सोय नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने लोकप्रिय केली. तो कीबोर्ड आयातीचा खर्च धरून पंधरा हजारांच्या पुढे जायचा. पुढे चिनी कंपन्यांनी तेच तंत्र स्वस्तात आणले, आणि आज तीन ते सहा हजारांत बरे पर्याय मिळतात.

ज्याचा खेळ क्रिकेट, माइनक्राफ्ट किंवा जीटीएपुरता आहे, त्याला याची गरज नाही. दोन हजारांतला मेकॅनिकल कीबोर्ड त्याला पुरतो. ज्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, त्याच्या पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते. १४४ हर्ट्झवर तेच ६.९ मिलिसेकंदांनी येते. ६० हर्ट्झवाल्या घरात पैसे आधी मॉनिटरसाठी साठवावेत. तीच गोष्ट इंटरनेटची. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, पण वायफायवर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, दर मिनिटाला ३० वरून ९० मिलिसेकंदांवर उड्या मारत असेल तर कीबोर्ड काहीही करू शकत नाही. आधी राउटरपासून लॅनची वायर ओढा.

याच हिशेबाने खोक्यावरचा ‘८००० हर्ट्झ’ वाचावा. हजार हर्ट्झचा कीबोर्ड दर १ मिलिसेकंदाला कॉम्प्युटरला खबर देतो, आठ हजारांचा दर ०.१२५ मिलिसेकंदाला. जास्तीत जास्त बचत ०.८७५ मिलिसेकंद. शिवाय कॉम्प्युटरला खबर देण्याचा वेग वेगळा आणि कीबोर्डने आतली सगळी बटणे तपासण्याचा वेग वेगळा. दुसरा आकडा मंद असेल तर पहिल्याला काही अर्थ राहत नाही, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात पहिलाच छापलेला असतो. ‘०.०१ मिमी अचूकता’ हेही तसेच. वहीचा एक कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. त्याच्या दहाव्या हिश्शाइतके बोट कोणी मोजून उचलू शकत नाही. सेन्सरचे माप स्थिर राहते का, एवढाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

‘मॅग्नेटिक’ हा शब्दही तपासून घ्यावा. कधी मनगट टेकवायची पट्टी चुंबकाने चिकटते म्हणून हा शब्द जाहिरातीत येतो. काही कीबोर्डांत मधल्या अक्षरांखालीच मॅग्नेटिक स्विच असतात, बाकीचे मेकॅनिकल. खात्री करायची सोपी रीत अशी : स्विच निघणारे असतील तर खोक्यातल्या चिमट्याने एक स्विच सरळ वर ओढून काढा. मेकॅनिकलच्या बुडाशी धातूचे दोन पाय दिसतात. मॅग्नेटिकच्या बुडाशी तसे पाय नसतात आणि खाली बोर्डावर नुसता काळा, तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर दिसतो.

आता दुकानात करायची तपासणी. कीबोर्ड लॅपटॉपला जोडा आणि कंपनीचे सेटिंगचे पान उघडा. पुष्कळ कीबोर्डांचे सेटिंग आता ब्राउझरमधूनच होते. ते क्रोम किंवा एजमध्ये उघडावे, फायरफॉक्समध्ये कीबोर्ड सापडत नाही. तिथे बटणाची खोली दाखवणारा चालता आकडा असतो. डब्ल्यू बटण अगदी सावकाश, पाच सेकंद घेत दाबत न्या. आकडा शून्यापासून शेवटपर्यंत सरळ चढला पाहिजे. मध्येच उडी मारली, किंवा बटण तळाला टेकूनही आकडा अलीकडेच अडकला, तर कॅलिब्रेशन, म्हणजे बटणाची वरची आणि तळाची जागा कीबोर्डला शिकवलेली असते ते माप, बिघडले आहे. ते एकदा करून पाहा : कॅलिब्रेशन सुरू करायचे, प्रत्येक बटण तळापर्यंत दाबून सोडायचे, मग जतन करायचे. तरीही आकडा अडकत असेल तर दुसरा नग मागा. बोट काढल्यावर आकडा शून्यावर येऊन गप्प बसला पाहिजे. तो ०.०५ ते ०.१ च्या मध्ये थरथरत असेल, तर तो कीबोर्ड बारीक सेटिंगवर स्वतःहून बटणे दाबणार.

दुसरी परीक्षा नोटपॅडची, आणि हिला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. रॅपिड ट्रिगर ०.१ मिमीवर लावा. डब्ल्यू बटण अर्ध्यावर दाबून दहा सेकंद हात स्थिर ठेवा. पहिले अक्षर, जरा थांबा, मग अक्षरांची अखंड रांग, असे दिसले पाहिजे. रांग मध्येच तुटून थांबली आणि पुन्हा सुरू झाली, तर सेन्सर डळमळतो आहे किंवा दांडी साच्यात हलते आहे. खेळात याचा अर्थ, चालता चालता माणूस अडखळतो. हात हलला असेल अशी शंका आली तर तीच परीक्षा ०.२ वर घ्या. तिथे रांग तुटत नसेल तर वस्तू चालेल. शेवटी कीबोर्डशेजारी टेबलावर मूठ आपटा आणि कीबोर्डचा कोपरा दाबा. एकही अक्षर उमटता कामा नये. मग वायर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. सेटिंग तशीच राहिली तर ती कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत साठते.

घरी आणल्यावर मुले सगळी बटणे ०.१ वर लावतात आणि दोन दिवसांत ‘कीबोर्ड खराब’ म्हणून परत आणतात. सुरुवात अशी करावी : डब्ल्यू, ए, एस, डी या चालण्याच्या चार बटणांना १ मिमीवर उमटण्याची जागा आणि ०.३ मिमी रॅपिड ट्रिगर. चार-पाच दिवस खेळून मग ०.०५ ने कमी करत जा. जिथे चुका सुरू होतील तिथून एक पायरी मागे या. वरची मोकळी जागा, म्हणजे जिथे बटण हलले तरी धरले जात नाही तो डेड झोन, ०.१ ते ०.२ मिमी ठेवा. बॉम्ब, पात्राच्या खास क्षमता, शस्त्र बदलणे यांची बटणे दीड मिमीच्या खाली आणू नका, नाहीतर बोट नुसते टेकल्यावर हातातली वस्तू फेकली जाते. स्पेस बटण रुंद असते, त्याच्या खालच्या तारेमुळे ते जड आणि डुलते असते. त्यालाही एक ते दीड मिमी द्या. आणि शिफ्टवर रॅपिड ट्रिगर बंदच ठेवा. दबकत चालताना शिफ्ट धरून ठेवावा लागतो, बोट जरासे ढिले पडले तरी तो सुटतो, पावलांचा आवाज होतो आणि समोरच्याला जागा कळते. टायपिंगसाठी वेगळे प्रोफाइल करावे : २ मिमी, रॅपिड ट्रिगर बंद.

एक धोक्याची सूचना. स्नॅप टॅप किंवा एसओसीडी नावाची सोय बहुतेक स्वस्त कीबोर्डांत येते. डावे-उजवे दोन्ही एकदम दाबले तर शेवटचे बटण धरायचे, हे काम त्यात कीबोर्ड करतो. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर ही सोय बंद केली; ती चालू असेल तर खेळाडू सामन्याबाहेर काढला जातो. रॅपिड ट्रिगरला मात्र बंदी नाही. स्पर्धेत उतरण्याआधी ही सोय सेटिंगमध्ये बंद करून ठेवावी.

आपल्या भागाचा वेगळा विचार करावा लागतो तो उन्हाचा. चुंबक तापला की त्याचा जोर दर अंशाला साधारण ०.१ टक्का कमी होतो आणि थंड झाल्यावर परत येतो. पहाटे २५ अंशांत जमवलेली सेटिंग मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याखाली ४३ अंश असताना, दोनेक टक्क्यांनी हलते. चांगल्या कीबोर्डचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम, हे सावरून घेते, स्वस्त कीबोर्डचे नेहमीच घेत नाही. म्हणून ०.१ सारखी टोकाची सेटिंग उन्हाळ्यात टाळा, आणि होळीनंतर एकदा व पाऊस सुरू झाल्यावर एकदा कॅलिब्रेशन करा. ते करताना कीबोर्ड अर्धा तास चालू असू द्या. मोबाइलचे चुंबकाचे कव्हर, टॅबचे झाकण, स्पीकर यांना वीतभर लांब ठेवा. ‘आपोआप एच दाबला जातो’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा शेजारी ठेवलेला मोबाइल असतो.

दुसरे लाइटचे. फर्मवेअर अपडेट चालू असताना लाइट गेली तर कीबोर्ड अर्धवट मेमरीसह मरतो, आणि तो उठवणे प्रत्येक मॉडेलमध्ये शक्य नसते. अपडेट यूपीएसवर किंवा चार्ज असलेल्या लॅपटॉपवरच करा. काही अडचण नसेल तर करूच नका. कीबोर्ड थेट कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबीला लावा. यूएसबी २.० च्या जागेतून ५०० मिलिअँपिअरच मिळतात. स्वस्त हबवर माउस, हेडफोन आणि दिव्यांचा कीबोर्ड एकत्र लावले की बटणे अडखळतात. याच किमतीत वायरलेस घेऊ नये, सेन्सर सतत वीज खातात आणि बॅटरी लवकर उतरते.

धुळीने पात्या खराब होण्याची भीती इथे नाही, पण वावटळीची बारीक माती दांडीत शिरते आणि बटण खरखरते. रात्री वरून फडके टाका, एवढे पुरे. चहा सांडला तर मात्र हाही कीबोर्ड तसाच जातो.

विकत घेतानाच चार-सहा जादा स्विच मागा. मेकॅनिकल स्विच यात चालत नाही, आणि एका कंपनीचा मॅग्नेटिक स्विच दुसऱ्या कीबोर्डात चालेलच असेही नाही, कारण चुंबकाचा जोर, उंची आणि ध्रुवाची दिशा वेगवेगळी असते. उलट ध्रुवाचा स्विच बसतो अगदी नीट, पण बटण चुकीचे वाचले जाते. स्विच बदलल्यावर कॅलिब्रेशन केलेच पाहिजे.

आकाराचेही पाहा. स्वस्तातले बरेच मॅग्नेटिक कीबोर्ड ६१ बटणांचे असतात. त्यांत बाणाची बटणे नाहीत, वरची एफ-रांग नाही, आकड्यांचा चौकोनही नाही. घरात कोणी कृतिदेवमध्ये मराठी टाइप करत असेल तर काही अक्षरांसाठी ऑल्ट धरून आकड्यांच्या चौकोनातून कोड द्यावा लागतो, आणि तो चौकोनच नसेल तर काम अडते. अशा घरी जुना पूर्ण कीबोर्ड फेकू नये, दोन्ही एकदम लावता येतात.

बिल जीएसटीचे घ्यावे, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्यावा. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि एमआरपी नसेल तर वॉरंटी कोणाकडे मागायची हा प्रश्न उरतो. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात शुल्काशिवाय करता येते.

मराठवाड्यातल्या दुकानदार बांधवांना एक विनंती. विकायला ठेवलेल्या प्रत्येक मॉडेलचा एक नग उघडून काउंटरवर लॅपटॉपला जोडून ठेवा. गिऱ्हाइकाला वर सांगितलेली नोटपॅडची परीक्षा पाच मिनिटांत घेता येते.

आपला,
संगणक दुरुस्ती कारागीर, परभणी