पडद्यावरचा परिच्छेद आणि शेवटचा बाक

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळाशाळांतून प्रोजेक्टर आणि डिजिटल फलक बसू लागले आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु त्यांवर काय दाखवावे आणि काय दाखवू नये, याविषयी शिक्षकांशी फारसे कोणी बोलत नाही. मी हजर राहिलेल्या प्रशिक्षणांत अक्षरे उडत कशी आणावीत आणि पार्श्वभूमीला चित्र कसे लावावे, यातच दुपार सरली. मी तालुक्याच्या गावी २२ वर्षे विज्ञान शिकवते, आणि पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

हृदयाच्या पाठाची माझी पहिली ‘पीपीटी’ ३२ स्लाइडची होती. पुस्तकातले परिच्छेद जसेच्या तसे चिकटवून मी ते पडद्याकडे तोंड करून वाचत होते, आणि मुले माना खाली घालून उतरवून घेत होती. शरीराकडून परतणारे रक्त हृदयाच्या कोणत्या कप्प्यात येते, असे शेवटी विचारले, तर ज्यांनी पाचच मिनिटांपूर्वी ‘उजवी कर्णिका’ लिहिले होते, तीही मुले वही चाळू लागली. चित्र आणि बोलणे यांच्या जोडीला तेच शब्द पडद्यावरही दिले, तर शिकणे सुधारण्याऐवजी मंदावते, असे रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसून आले आहे. चित्र आणि मजकूर दोन्ही डोळ्यांनीच टिपायचे असतात आणि वर कान शिक्षकाकडे ठेवायचा असतो; त्या ओढाताणीत मूल उतरवून घेण्याचे सोपे काम तेवढे निवडते.

पुढच्या वर्षी त्या पाठाला मी चारच स्लाइड ठेवल्या. एकीवर हृदयाची नावे नसलेली आकृती होती; दर वेळी एकच बाण उमटे आणि रक्त पुढे कुठे जाईल, हे मुलांनी सांगायचे. नावे मात्र मी फळ्यावर खडूनेच लिहिली, कारण हाताने लिहिताना शिक्षकाचा वेग आपोआप मुलांच्या वेगाजवळ येतो. चर्चा रंगली की कळफलकावरचे इंग्रजी ‘बी’ दाबावे, पडदा काळा होतो आणि मुलांचे लक्ष आपल्याकडे वळते. ही साधी सोय मला दहा वर्षांनी कळली!

देवनागरीची अडचण वेगळी आहे. वर मात्रा-वेलांटी, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर, त्यामुळे इंग्रजीला पुरणारा आकार मराठीला पुरत नाही. ‘द्विदल झडप’ यातला ‘द्वि’ शेवटच्या बाकावरून नुसता ठिपका दिसतो. मी ३२ पॉइंटच्या खाली जात नाही आणि ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा समोर येतो, म्हणून कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोड या अक्षरपद्धतीला पर्याय नाही.

मजकूर कोंबण्याचे परिणाम वर्गाबाहेर किती गंभीर होऊ शकतात, हे २००३ च्या ‘कोलंबिया’ या अमेरिकी अंतराळयानाच्या अपघाताच्या चौकशी अहवालात नोंदलेले आहे. त्या यानात कल्पना चावला होत्या. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरून निसटून यानावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याचे आकारमान अंदाजे १९२० घनइंच, तर चाचणीत वापरलेल्या तुकड्याचे केवळ ३ घनइंच होते, ही कळीची बाब अभियंत्यांच्या एका गच्च भरलेल्या स्लाइडच्या अगदी तळाच्या ओळीत होती, आणि मथळा मात्र दिलासा देणारा होता. शाळेच्या तासाला एवढी जोखीम नसते, हे खरे. पण तळाची ओळ आमच्याही वर्गात कोणी वाचत नाही.

शिक्षण विभागाला विनंती एवढीच, की प्रशिक्षणात प्रत्येक शिक्षकाला स्वतःची स्लाइड भर दुपारी, खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात, शेवटच्या बाकावर बसून पाहायला लावावी. आणि प्रोजेक्टरच्या खर्चात खिडक्यांच्या पडद्यांचीही तरतूद असावी. आमच्या वर्गात अजून जुनी चादर खिळ्याला अडकवून काम भागवले जाते.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, जि. सातारा